अकराच्या आत एक फोटो

लालबागच्या दत्तप्रसाद चाळीत अंबिका परबांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांच्या त्या बाई. निम्मी चाळ त्यांच्या हाताखाली नाक पुसायला शिकलेली, मग दुसरं काय म्हणणार? तळमजल्यावर मंडळाची खोली होती, तिथे चोवीस वर्षं त्या बालवाडी चालवत होत्या. खोली एवढीशी. भिंतीला फळा, कोपऱ्यात गणपतीचा पाट आणि समया, खाली सतरंजी आणि सतरंजीवर वीस पोरं. उन्हाळ्यात समोरच्या गल्लीत मिरची कांडायला लागले की वीसच्या वीस पोरं एका सुरात शिंकायची.

पण खोलीचं कुणाला पडलं होतं? बालवाडी खरी भरायची ती बाहेर, चाळीच्या चौकात. साडेदहा वाजले की बाई पदर कमरेला खोचायच्या, चपला दारात काढायच्या आणि "चला रे मेल्यांनो!" म्हणत स्वतःच पुढे पळत सुटायच्या. डोंगर का पाणी, लंगडी, विषामृत, त्या दिवशी सुचेल ते. पडलं कुणी तर उचलायचं, झटकायचं, गुडघ्यावर फुंकर घालायची आणि परत सोडायचं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत म्हातारे कुशाबा बसलेले असायचे. जन्मभर गिरणीत रात्रपाळी केलेला माणूस, सकाळी डुलकी काढायची सवय काही सुटली नव्हती. "ओ बाई, जरा हळू पळवा की! मेलेला मानूस उठंल!" असं रोज ओरडायचे, आणि रोज त्याच वेळी खुर्ची कठड्याला लावून बसायचे.

बालवाडी एका संस्थेची. अशा साठ बालवाड्या होत्या तिच्या, गिरगावापासून दादरपर्यंत. गेल्या मे महिन्यात संस्थेने सगळ्या शिक्षिकांना दादरला प्रशिक्षणाला बोलावलं. अंबिकाबाईंनी अशी प्रशिक्षणं ढिगाने पाहिली होती. पुढे बोलणारा साहेब, मागे पेंगणाऱ्या बायका, मध्ये चहा. या वेळी मात्र पुढे नूपुर उभी होती. दादरचीच मुलगी, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, भाषा शुद्ध पण नाकावर माशी बसू न देणारी नव्हे. तिने पहिल्याच दिवशी खुर्च्या उचलायला लावल्या आणि साठ बायकांना बाहेर अंगणात नेऊन लंगडी घालायला लावली. कुणाची कंबर धरली, कुणाची साडी सुटली, हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. चोपन्न वर्षांच्या अंबिकाबाईंनी एका दमात नऊ जणींना बाद केलं.

मग नूपुर म्हणाली, "मूल पळतं, चढतं, लोंबकळतं, तेव्हा त्याच्या खांद्यात आणि मनगटात जोर येतो. तो आला की मग बोटांत पेन्सिल बसते. आपण चौथ्या वर्षी त्याला रेघा मारायला बसवतो. अहो, हात तयार कुठे आहे त्याचा? रोज अर्धा तास बाहेर काढा. काहीही झालं तरी."

बाईंचे डोळेच भरून आले. चोवीस वर्षं आया विचारत होत्या, बाई, नुसतं पळवता काय पोरांना, ए बी सी डी कधी घेणार? चोवीस वर्षं बाई हसून वेळ मारून नेत होत्या, कारण आपण करतो ते बरोबर आहे हे त्यांना पायाला कळत होतं, तोंडाने सांगता येत नव्हतं. आणि ही कालची पोर साठ जणींच्या समोर ते धडधडीत सांगत होती. त्या दिवशी हिंदमातापर्यंत त्या चालतच आल्या, इतक्या खूश होत्या.

शेवटच्या दिवशी ॲप आलं.

रोज अकराच्या आत बाहेरच्या खेळाचा एक फोटो त्यात टाकायचा. फोटो चालला तर हिरवी खूण, नाही चालला तर लाल. महिन्यात पाच लाल झाल्या की केंद्र निष्क्रिय. आणि निष्क्रिय केंद्र बंद करून जवळच्या केंद्राला जोडून टाकायचं.

"हे कशाला, मॅडम?" बाईंनी विचारलं. "आम्ही खेळवतोच की."

"तुम्ही खेळवता हो, ताई. सगळ्या नाही खेळवत. फोटो द्यायचा म्हटलं की निदान मुलांना दाराबाहेर तरी काढतील. आणि मलाही वर काहीतरी दाखवावं लागतं ना, नाहीतर हे बंद पाडतील."

तिचं तरी काय चुकलं होतं? फोटोसाठी का होईना, पोरं उन्हात येतील एवढाच तिचा हिशोब. बाईंनी मान डोलावली. पण घरी येताना त्यांच्या मनात एकच घोळत होतं. जवळचं केंद्र म्हणजे उड्डाणपुलाच्या पलीकडचं. तीन-चार वर्षांचं पोर हाताला धरून रोज तो रस्ता कोण ओलांडणार? आया बाहेर कामाला, आज्यांचे गुडघे गेलेले. वीसच्या वीस पोरं घरात मोबाइल घेऊन बसतील, दुसरं काय होणार? म्हणजे बालवाडी टिकायची तर हिरवं आलं पाहिजे. सरळ होतं सगळं.

जूनमध्ये बालवाडी सुरू झाली. नव्या पोरांत मयूर सावंतची श्रेया होती. मयूर स्वतः बाईंच्या हाताखालचा, आता मंडळाचा सेक्रेटरी आणि परळच्या एका मॉलमध्ये सिक्युरिटीचा सुपरवायझर. श्रेया साडेतीन वर्षांची, पायांत तोल नाही, तरी पळायची हौस दांडगी. दिवसातून चारदा आपटायची. आपटली की आधी बाईंकडे बघायची, बाई हसल्या की तीही हसायची, आणि उठून परत पळायची.

बाई पळता पळताच मोबाइल काढायच्या आणि फोटो घ्यायच्या. फोटोत काय यायचं? एक लाल फ्रॉक पुसल्यासारखा, दोन हात, कुणाची तरी अर्धी टाळू. पळणारं पोर कुठे फोटोत मावतं? ॲप लगेच सांगायचं, फोटो अस्पष्ट आहे. लाल. दुसऱ्या दिवशी लाल. पहिल्या आठवड्यात चार लाल झाल्या.

शनिवारी नूपुरचा फोन आला. "ताई, काय झालं? तुमचं केंद्र लाल कसं? तुम्ही नाही खेळवत तर मग कोण खेळवणार?"

"मॅडम, पोरं हलतात हो."

नूपुर हसली. मग म्हणाली, "ते खरं आहे, पण ॲपला चेहरे दिसावे लागतात. एक क्षण थांबवा ना त्यांना. एकच क्षण. आता एक जरी लाल आली तरी माझ्या हातात काही राहणार नाही."

सोमवारी बाईंनी पोरांना वीस-पंचवीस मिनिटं मनसोक्त पळवलं आणि अकराला पाच कमी असताना टाळी वाजवून ओरडल्या, "स्टॅच्यू!" खेळ ठरलेलाच, ओव्हर म्हणेपर्यंत हलायचं नाही, सगळ्यांना ठाऊक. पोरं होती तिथे थिजली. पण कुणी भिंतीकडे तोंड करून, कुणी बसलेलं. तो फोटो काही पळण्याचा दिसेना. बाईंनी मग घाईघाईने एकेकाला नीट उभं केलं. डावा पाय वर घ्या. हात कोपरातून वाकवा. मान पुढे. हसा. आता हलू नका हं, हललात तर फोटो खराब होईल, बालवाडी बंद होईल. आणि क्लिक.

हिरवं आलं. बाईंनी मोबाइल उलटा करून पोरांना दाखवला, आणि पोरांनी अशा टाळ्या पिटल्या की कुशाबा वरून ओरडले, "काय लॉटरी लागली का काय?"

तो जून, आणि जुलैचे पहिले दोन आठवडे, असंच चाललं. अर्धा तास पळायचं, मिनिटभर स्टॅच्यू. बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं.

मग शेजारच्या टॉवरवाल्याने गल्लीला पत्रे ठोकले. गल्लीत लागणाऱ्या चाळीच्या सगळ्या बाइक एका सकाळी चौकात येऊन उभ्या राहिल्या. बाई तरातरा मयूरच्या दारात गेल्या.

"मयूर, गाड्या हलव. माझी पोरं कुठे खेळणार?"

मयूर ड्युटीला निघाला होता, शर्टाची बटणं लावत बाहेर आला. "बाई, मी नाय खेळलोय का इथे? तुम्हीच पळवलंय मला. पण रस्त्यावर लावली की टोइंगवाला उचलतो. सांगा, गाडी डोक्यावर घेऊन ड्युटीला जाऊ? तुम्ही सांगाल तसं करतो."

बाई काय सांगणार? चौकातल्या एकेका बाइकचा मालक त्यांना माहीत होता. एकेकाचं नाक पुसलं होतं त्यांनी. परका असता तर शिव्या घातल्या असत्या, इथे कुणाला घालणार? त्या परत आल्या. आणि आषाढ सरता सरता उरलेल्या जागेत मंडपाचे बांबू पडले. मंडप चाळीचा, गणपती चाळीचा, त्याला नाही कोण म्हणेल? आता मोकळी राहिली ती बालवाडीच्या दारापासून नळापर्यंतची पट्टी. मोठ्या माणसाची चार पावलं.

चार पावलांत पळता येत नाही. पण स्टॅच्यू करता येतो, अगदी व्यवस्थित करता येतो. वीस पोरं दोन रांगांत उभी करायची, मागच्या बाइक फोटोत येऊ द्यायच्या नाहीत, आणि म्हणायचं, "धावा!" की वीस डावे पाय वर.

पहिल्या दिवशी बाईंना लाज वाटली. खरंच वाटली.  आज एक दिवस, त्यांनी स्वतःला बजावलं, उद्या मयूरला परत सांगते. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, गणपती जाऊ देत. गणपती गेले, मंडप सुटला, आणि मंडपाच्या जागेवर संध्याकाळपर्यंत आणखी अकरा बाइक आल्या. त्या दिवशी बाई नळाशी उभ्या राहून एकेक बाइक मोजत होत्या.

बाहेर मैदानात न्यावं? वीस पोरं, एकटी बाई, आणि मध्ये तो रस्ता. एकदा नेऊन बघितलं त्यांनी, दोरीला धरून. कोपऱ्यापर्यंत गेल्या, एका टेम्पोने असा काही हॉर्न मारला की संघर्ष नावाचा मुलगा दोरी सोडून रस्त्यात गेला. काही झालं नाही, पण बाईंनी तिथूनच सगळ्यांना माघारी आणलं. परत त्या वाटेला गेल्या नाहीत.

दिवाळीनंतर तर पोरं इतकी तयार झाली की बाईंना काही करावंच लागेना. साडेदहाला श्रेया उठायची, सगळ्यांना रांगेत लावायची. "पाय वर. हात वाकवा. संघर्ष, हस ना रे!" आणि मग बाईंकडे बघून, "बाई, काढा." एका पायावर श्रेया आता खांबासारखी उभी राहायची. ऑगस्टपासून तिचा गुडघा एकदाही फुटला नव्हता. फोटो गेला की वीस पोरं मोबाइलभोवती गोळा व्हायची. "बाई, हिरवं आलं?" आलं म्हटलं की टाळ्या. अकराच्या ठोक्याला सगळी परत सतरंजीवर.

एक दिवस कुशाबा खाली उतरले, काठी टेकत दाराशी आले. "बाई, रागावू नका. एक इचारू? पोरं आजारी हायत का?"

"नाय ओ. का?"

"आवाज येत न्हाई. चांगली दुपारपर्यंत झोप लागती मला हल्ली." मग म्हणाले, "ती झोप काय बरी न्हाई वाटत."

बाईंनी काहीतरी बोलून त्यांना वाटेला लावलं. पण तो म्हातारा बरोबर बोलला होता आणि दोघांनाही ते माहीत होतं.

नाताळच्या सुट्टीनंतर मयूर श्रेयाला सोडायला आला तो हसतच. "बाई, ऐका तरी गंमत! काल हिला दादरला बागेत नेलं. केवढं मोकळं, बाकीची पोरं नुसती बोंबलत पळतायत. म्हटलं जा, पळ. तर ही तिथेच पाय वर करून उभी! मी म्हणतो पळ, ही म्हणते फोटो काढा. सगळी माणसं बघून हसत होती. फोटो काढला मग, काय करणार? तेव्हा कुठे पाय खाली टाकला." त्याने मोबाइल काढून दाखवला. श्रेया, डावा पाय वर, मागे घसरगुंडी.

बाईही हसल्या. मयूरच्या समोर हसावंच लागलं. घरी गेल्यावर मात्र पानावरून तशाच उठल्या. सुनेने विचारलं, काय झाला? काय नाय गो, पित्त झालंय, म्हणाल्या. आणि मग त्यांनी स्वतःची समजूत घातली, जशी आजवर घालत आल्या होत्या. पोर आहे, नक्कल करतं. पोराला पळायला शिकवायला लागतं का कधी? मैदान दिसू दे एकदा, मोकळं सोडू दे, वासरासारखी उधळतील. यावर त्यांचा अगदी मनापासून विश्वास होता. त्या एका विश्वासावर त्या रात्री झोपत होत्या.

आणि जानेवारीच्या शेवटी नूपुरचा फोन आला.

"अंबिकाताई, बसून ऐका. साठ केंद्रांत जुलैपासून एकही लाल नसलेलं एकच केंद्र आहे. तुमचं! शंभर टक्के! फेब्रुवारीत परळला मैदान मिळालंय आपल्याला, एका शाळेचं. साठ नव्या शिक्षिकांचं प्रशिक्षण आहे. त्यांच्यासमोर तुम्ही आणि तुमची मुलं खेळून दाखवणार. बस पाठवते मी. मी काहीच बोलणार नाही, नुसतं म्हणणार, बघा."

बाई मध्येच म्हणाल्या, "मॅडम, मला जरा बोलायचं होतं..."

"ताई, आधी माझं ऐका ना. तुमच्या फोटोंमुळे पुढच्या वर्षाचं मंजूर झालंय. वरचे लोक बंद करायला निघाले होते. मी तुमचं केंद्र दाखवलं. मुलांचे चेहरे बघितले आणि गप्प बसले." मग नूपुर म्हणाली, "खरं सांगू, वर्षभर मला वाटत होतं की माझ्या सांगण्याने कुठेच काही होत नाहीये. तुमचा फोटो आला की बरं वाटायचं. रोज अकराला बघायचे मी."

आता सांगा, यानंतर कुणाच्या तोंडून खरं निघेल?

"काय बोलायचं होतं, ताई?"

"काय नाय. बस मोठी पाठवा," बाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर आधी त्यांना रडू आलं आणि मग, कसं कोण जाणे, बरं वाटलं. मैदान! खरंखुरं मैदान. खोटं सांगितल्याचं पाप त्या एका दिवसात धुऊन निघेल. पोरं पळतील, धडपडतील, ओरडतील, आणि नूपुर जे समजते आहे ते खरं होईल. एक दिवस उशिराने का होईना, खरं होईल. बाई त्या आठवड्यात पोरांना रोज सांगत होत्या. "मोठ्ठं मैदान हं! एकही बाइक नाही. आपण खूप खूप पळायचं." पोरं माना डोलवायची. श्रेयाने विचारलं, "तिकडे पण हिरवं येणार?" बाई म्हणाल्या, "तिकडे सगळंच हिरवं गो."

दिवस उजाडला. बस आली. कुशाबांनी गॅलरीतून हात केला आणि ओरडले, "पळवा बाई, चांगली दमवून आना!"

मैदान खरंच मोठं होतं. लाल मातीचं, सकाळीच पाणी मारलेलं, पलीकडे वडाची दोन झाडं. कडेने साठ शिक्षिका खुर्च्यांवर बसल्या होत्या, गळ्यात ओळखपत्रं, मांडीवर वह्या. नूपुरने बाईंचा हात हातात घेतला, खुर्च्यांकडे वळून नुसतं "बघा" म्हणाली आणि बाजूला झाली.

बाईंनी चपला काढल्या. पदर कमरेला खोचला. कितीतरी महिन्यांनी खोचला होता तो. पायाला गार माती लागली आणि अंगावर काटा आला. वीस पोरं त्यांच्यापुढे उभी होती. बाईंनी दोन्ही हात पसरले, पलीकडच्या वडाकडे दाखवलं आणि पोटातून ओरडल्या.

"धावा रे पोरांनो!"

वीस डावे पाय वर गेले. हात कोपरातून वाकले. माना पुढे झाल्या. वीस तोंडं हसली आणि तशीच राहिली. एवढ्या मोठ्या मैदानात दोन रांगा करून, खांद्याला खांदा लावून, चार पावलांच्या जागेत पोरं उभी होती. मागे बाइक नव्हत्या, तरी त्या असाव्यात तशी.

"ओव्हर, ओव्हर!" बाई हसत म्हणाल्या. ते हसणं कसं होतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पाय खाली आले. "फोटो नाय आज. आज खरं धावायचं. त्या झाडापर्यंत. चला, धावा!"

वीस पाय वर.

खुर्च्यांवरून कुणीतरी म्हणालं, "अय्या, किती गोड!" मोबाइल बाहेर निघाले.

"श्रेया, चल गो बाय, तू चल माझ्याबरोबर!" बाईंनी तिचा हात धरून ओढला. श्रेयाने हात सोडवून घेतला आणि पाय परत उचलला. तिच्या कपाळाला आठी पडली होती. समोर इतके मोबाइल आणि बाईच हलवतायत, याला काय म्हणायचं!

मग बाई स्वतः पळाल्या. दुसरं काही सुचलंच नाही त्यांना. चोपन्न वर्षांची बाई, साडी वर धरून, एकटी, त्या रिकाम्या मैदानात वडाच्या दिशेने पळत सुटली. "या रे! माझ्या मागे या! मला पकडा!" आतापर्यंत कधी झालं नव्हतं असं की बाई पळाल्या आणि पाठीमागे पावलं वाजली नाहीत. त्यांनी अर्ध्यावर जाऊन मागे बघितलं. एकही पोर जागचं हललं नव्हतं. आणि श्रेया, एका पायावर, हसरं तोंड न मोडता, जेवढ्या मोठ्याने ओरडता येईल तेवढ्या मोठ्याने ओरडत होती.

"बाई, हलू नका! हलू नका ना! फोटो खराब होईल! बालवाडी बंद होईल!"

साठ शिक्षिका खदखदून हसल्या. टाळ्या वाजल्या. एक जण शेजारणीला म्हणाली, "शिस्त बघा हो काय आहे! साडेतीन-चार वर्षांची मुलं." शेजारीण वहीत लिहून घेत होती.

बाई चालत परत आल्या. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. नूपुर मैदानाच्या कडेला उभी होती. ती हसत नव्हती आणि टाळ्याही वाजवत नव्हती. तिच्या हातात मोबाइल होता, त्यात जुलैपासूनचे फोटो, आणि तिचं बोट एकेक फोटो मागे सरकवत होतं. सगळ्या फोटोंत डावा पाय. सगळ्या फोटोंत तेच हसू, तोच नळ.

"ताई," तिने मोबाइल पुढे धरला. "हे... मी शिकवलं?"

"नाय गो." बाईंनी तिला पहिल्यांदाच मॅडम म्हटलं नाही. "तू पळायला शिकवलंस. हे मी शिकवलंय. चोवीस वर्षांत एवढं पक्कं दुसरं काय शिकवलं नव्हतं मी."

नूपुरने तोंडावर हात धरला. तिकडे खुर्च्यांवरच्या बायका उठून पोरांच्या जवळ जाऊन फोटो घ्यायला लागल्या होत्या. कुणी ओव्हर म्हटलं नव्हतं, म्हणून पोरं तशीच उभी होती. संघर्षचा पाय थरथरत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तोंड हसत होतं.

"ओव्हर," बाई म्हणाल्या. ते कुणाला ऐकू गेलं नाही. मग त्या रांगेत शिरल्या आणि एकेका पोराचा पाय हाताने धरून खाली ठेवत गेल्या. वीस पाय. श्रेयाचा शेवटी.

श्रेयाने पाय टेकवला, दमून श्वास सोडला आणि बाईंच्या कमरेला खोचलेला पदर ओढला.

"बाई, हिरवं आलं?"

एका शिक्षिकेने नूपुरच्या हातातला मोबाइल घेऊन काढलेला फोटो ॲपवर केव्हाच गेला होता. अकराला तीन मिनिटं कमी होती.

"आलं गो," बाई म्हणाल्या, "आलं."

आणि श्रेयाने टाळ्या वाजवल्या.